आतून की बाहेरून

बारकीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर पाचचा असे, पण तो वाजायच्या आत ती बंद करून टाकायची, आईची झोप मोडू नये म्हणून. आई आधीच जागी असायची. ती डोळे मिटून पडून राहायची, आपल्यामुळे पोरीला लवकर उठावं लागतं असं पोरीला वाटू नये म्हणून. अशी दोघींची रोजची फसवाफसवी.

मग आईचा उजवा हात. मुठीत आवळलेली बोटं एकेक करून उलगडायची, प्रत्येक वीस वेळा. मनगट वीस वेळा, कोपर वीस वेळा. खांदा दहाच, कारण तो दुखायचा. अडीच वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. कामाच्या बाबतीत मी सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाही. हे काम चांगलं होतं.

बारकी माझी भाची, धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मी तिला बारकी म्हटलं. आता एकतिशी गाठली, तरी नाव तेच. ती आठवीत असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून शाळा सुटली की मी कामाला होतो त्या वर्कशॉपमध्ये ती यायची आणि रिकाम्या पिंपावर बसून गृहपाठ करायची. मी खिडक्यांची ग्रिलं बनवायचो. अडतीस वर्षं तेच केलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी वेल्डिंगकडे बघायचंही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा थांबलो.

माझी बहीण शाळेत शिपाई होती. सत्तावीस वर्षं शाळेचं फाटक तिने उघडलं. कमरेला किल्ल्यांची कापडी पिशवी असायची. तिला उशीर झाला तर हेडमास्तरही बाहेर उभे. निवृत्तीला दोन वर्षं असताना तिची उजवी बाजू गेली. बोलणं सहा महिन्यांत परत आलं, धारेसकट आलं. हात आणि पाय आले नाहीत.

घर पहिल्या मजल्यावर. रस्त्यावर एक दार, आत शिरलं की सरळ जिना. दार उघडं टाकलं तर कोणीही वर येऊ शकतं, म्हणून बारकी साडेआठला निघताना खाली बाहेरून कुलूप लावायची. एक किल्ली तिच्याकडे, एक माझ्याकडे. दुपारी बाराला मी जाऊन बहिणीला जेवायला वाढायचो. एरवी कोणी आलं की खालून हाक मारायचं आणि बहीण खिडकीजवळच्या खुर्चीतून सांगायची, "किल्ली माझ्याकडे नाही. संध्याकाळी या." संध्याकाळी कोण येतं. शाळेतली तिची मैत्रीण दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा आली नाही.

किल्ली बहिणीकडे ठेवूनही उपयोग नव्हता, कारण त्या खिडकीतून किल्ली बाहेर जात नव्हती. हा दोष माझा. बारकी दीड वर्षाची असताना हाताला लागेल ते खिडकीतून खाली फेकायची. चमचे गेले, वाट्या गेल्या, एकदा माझं घड्याळ गेलं. तेव्हा मी खिडकीला नवं ग्रिल केलं आणि त्यावर बारीक जाळी मारली. बोटसुद्धा बाहेर जाणार नाही अशी. काम इतकं पक्कं केलं की तीस वर्षं टिकलं.

"तुझ्या पोरीसाठी केलं होतं," मी बहिणीला म्हणायचो.

"हो ना. पोर रोज बाहेर जाते, आत मी अडकले," ती म्हणायची.

जाळी कापून देतो म्हणून मी कटर घेऊन गेलोही होतो. चौकटीला हात लावला तर चारही कोपऱ्यांतून गंजाचे पापुद्रे निघाले. कटर लावला असता तर सगळं ग्रिल रस्त्यावर आलं असतं. नवंच करायला हवं होतं, खाली हाताशी एक छोटी झडप असलेलं. कडी काढायची, झडप बाहेर ढकलायची, किल्ली दोरीने खाली सोडायची. आणि झडप डाव्या बाजूलाच हवी, कारण चालतो तो हात डावा.

मी म्हटलं, मी करवून घेतो.

बारकी म्हणाली, "नाही मामा. आई माझी आहे. पगार माझा लागेल."

"मग माझी कोण आहे ती?"

"तुमचं एक ग्रिल बघतोय ना आम्ही तीस वर्षं."

मी कटर पिशवीत टाकला.

पगाराचं असं होतं. बारकी संगणकाचं शिकलेली, लांबच्या कंपनीत चांगलं काम करायची. आई पडली तेव्हा ते सोडलं. मग माझ्याच जुन्या वर्कशॉपच्या मालकाला वेबसाइट हवी झाली आणि मी तिचं नाव सांगितलं. मालक म्हणाले, तीन महिने अर्ध्या पगारावर बघू, जमलं तर कायम आणि पूर्ण पगार. अर्ध्या पगारात औषधं आणि घर चालायचं. पूर्ण पगार झाला की पहिलं काम खिडकी, हे आम्हा तिघांना माहीत होतं. बहीण उघड कधी बोलली नाही. फक्त महिना संपला की विचारायची, "किती राहिले?"

वर्कशॉपच्या माळ्यावर, मालकांच्या टेबलाशेजारी, बारकीला एक टेबल मिळालं. तिने बनवलेली वेबसाइट मी पाहिली. पडद्यावर एक रिकामी खिडकी दिसते. आपल्या खिडकीची लांबी-रुंदी टाकायची. बोट ओढलं की सळई येते. फुलाची नक्षी हवी तर फुलावर टिचकी मारायची. झडप बोटाने धरून हवी तिथे सरकवायची. लोकांना भारी मजा वाटली. एका घरातल्या सासू-सुनेने मिळून सात ग्रिलं केली आणि सातव्यावर भांडल्या, असं सुनेनेच फोनवर सांगितलं.

अडचण एकच होती. पान बंद केलं की चित्र गायब. मग लोक फोनवर स्क्रीनशॉट घेऊन यायचे. त्यात अर्धंच ग्रिल, वर घड्याळ आणि बॅटरी. एका बाईंच्या ग्रिलवर तर मधोमध निरोप आलेला होता, 'येताना दूध आण.'

खाली वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला आम्ही चष्मा म्हणतो. तो चष्मा कधीच लावत नाही म्हणून. तो ते चित्र हातात धरून म्हणाला, "हे दूधपण लोखंडात करायचं का?"

मालक बारकीला म्हणाले, "एक बटण टाक. दाबलं की अख्खं चित्र फोनमध्ये उतरलं पाहिजे. एक बटण तर आहे. संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"चार दिवस लागतील," बारकी म्हणाली.

अकरा लागले. मी दुपारी बहिणीचं जेवण उरकून माळ्यावर जाऊन बसायचो, म्हणून मला माहीत आहे.

पहिल्यांदा बटण दाबलं तर उतरलं एक कोरं पांढरं पान. पडद्यावर ग्रिल दिसतंय, फाइलीत काहीच नाही. बारकी म्हणाली, "मामा, संगणक चित्र दाखवतो आणि लगेच पाटी पुसून टाकतो. मी फोटो काढायला पोचते तोवर पाटी कोरी."

"मग पुसायच्या आधी काढ."

"तेच करायचंय. करायला एक दिवस, आणि कुठे करायचं ते सापडायला दोन."

ते सापडलं तेव्हा सळया उतरल्या, फुलं उतरली नाहीत. फुलांची चित्रं दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ठेवलेली होती आणि ब्राउझर ती बघू देतो, उचलू देत नाही. दुकानाच्या काचेतल्या वस्तूसारखं. तिने बेचाळीस फुलं एकेक करून आपल्या मशीनवर आणून ठेवली. मग कळलं की पडद्यावर मावतं तेवढंच उतरतंय, खालचा भाग कापला जातोय. तो आला तर रेघा धुरकट आल्या. त्या धारदार केल्या तर शेवटी हात लावलेल्या झडपेभोवतीची निळी चौकटही चित्रात उतरली. आणि हे सगळं झाल्यावर एका जातीच्या फोनवर बटण दाबलं की चित्र नुसतं उघडायचं, जपून ठेवलं जायचं नाही.

ती चिडली नाही. दर वेळी नुसती मान हलवायची आणि पुन्हा सुरुवातीपासून दाबून बघायची. सळई, फूल, झडप, बटण. सळई, फूल, झडप, बटण. आमच्याकडे नवखा माणूस वेल्ड मारतो. वरून ओळ सरळ दिसते, हातोडी मारली की सुटते. मग घासायचं आणि पुन्हा मारायचं. जो हातोडी मारून बघतो तो पुढे कारागीर होतो. बारकी बघत होती.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तिने फोन घरी आईपुढे धरला. बहिणीने डाव्या हाताच्या बोटाने आपली खिडकी बनवली. सळया सरळ, फूल एकही नाही. "फुलं मला धूळ पुसायला लावतील," म्हणाली. झडप तिने खाली डावीकडे नेऊन ठेवली, जरा वर केली, पुन्हा खाली आणली. मग बटण दाबलं. चित्र उतरलं. स्वच्छ, पूर्ण, मापांसकट.

"आता हे पुसलं जाणार नाही ना?"

"नाही आई."

"मग असू दे फोनमध्ये. किती राहिले?"

"पाच आठवडे."

बटण सगळ्यांसाठी सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात चौदा चित्रं आली. लोकांना दुकानात यायची गरज उरली नाही. चित्र उतरवायचं, पाठवायचं, घरी ग्रिल येणार. मालक इतके खूश झाले की त्यांनी बारकीसाठी माळ्यावर पंखा लावला. मला अडतीस वर्षांत पंखा लागला नव्हता. मी तसं म्हटलंही. मालक म्हणाले, "तुमच्या ठिणग्या विझल्या असत्या ना, मामा."

तीन महिने पुरे व्हायला आठवडा राहिला असताना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला. ग्रिल बसवून झालं होतं, आणि झडप उलट्या बाजूला होती. त्यांना उजवीकडे हवी होती, आली डावीकडे. डावीकडे बाहेरून पाण्याचा पाइप जातो. झडप चार बोटं उघडायची आणि पाइपावर आपटायची.

मालकांनी फोनवर चित्र उघडलं. चित्रात झडप उजवीकडे. चष्म्याला वर बोलावलं.

"चित्रात उजवीकडे आहे ना?"

"आहे. मी उजवीकडेच केली."

"मग डावीकडे गेली कशी? चालत गेली?"

चष्मा शपथेवर सांगत होता की त्याने उजवीकडेच केली. बाई फोनवर सांगत होत्या की डावीकडे आहे. मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो आणि दोघांचं ऐकता ऐकता उठून उभा राहिलो. दोघंही खरं बोलत होते.

ग्रिल बनवताना ते जमिनीवर आडवं असतं. रस्त्याकडची बाजू वर ठेवायची, कारण लोकांना दिसते ती बाजू घासून गुळगुळीत करायची असते. म्हणजे कारागीर ग्रिलकडे रस्त्यावरून बघतो. ज्याची खिडकी असते तो घरातून बघतो. एकाची उजवी ती दुसऱ्याची डावी. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला होता, आतून की बाहेरून? हे कोणी कोणाला शिकवलं नाही. माणूस आला की या बसा म्हणतो, तसा तो प्रश्न तोंडातून निघायचा. कागदावर तो कधी लिहिला नाही.

आता गिऱ्हाईक येतच नव्हतं. त्याच्याऐवजी चित्र यायचं, आणि चित्राला कोणी विचारत नाही. आधीच्या ग्रिलांत झडप नव्हती किंवा मधोमध होती, म्हणून निभावलं.

मी हे सांगितलं तेव्हा मालकांनी फोन बाजूला ठेवला. बारकीचा चेहरा उतरला. लहानपणी त्या पिंपावर बसून तिने तो प्रश्न हजार वेळा ऐकला होता. पण ग्राइंडरचा आवाज ऐकावा तसा.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"अर्धी माझी," मी म्हटलं. "अकरा दिवस शेजारी बसलो होतो. नुसता चहा प्यायलो."

मालक वाईट माणूस नाही. पण त्यांना ग्रिल दुसरं करून द्यायचं होतं आणि बाईंची माफी मागायची होती. त्यांच्या हाती अशी आणखी सहा झडपांची चित्रं होती, त्यातलं कोणतं आतून आणि कोणतं बाहेरून ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मला वाटतं ऑर्डरची वही बरी होती. माणूस यायचा, बोलायचा, जायचा. शनिवारी तीन महिने होतात. शनिवारी काय ते ठरवू."

बारकीने त्या सहाही घरी स्वतः फोन केले आणि विचारलं. मग टेबल आवरलं आणि घरी गेली. मी मागोमाग सायकल ढकलत गेलो.

बहिणीला तोंडावरून कळलं. तिला सगळं सांगितलं. तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे माझंही उलटंच आलं असतं."

"हो आई."

"बरं झालं शिवणवाल्या बाईचं आधी आलं. माझी झडप मेलेल्या हाताला आली असती तर मी दोघांनाही जन्मभर ऐकवलं असतं."

बारकी हसली, आणि मग रडली. बहिणीने डाव्या हाताने तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली.

दुसऱ्या दिवशी बारकीने सोपा उपाय केला. चित्राखाली एक ओळ उतरायला लागली, 'हे चित्र घरातून बघताना आहे.' मला दाखवली. मी म्हटलं, चालणार नाही.

"का? स्पष्ट लिहिलंय."

"चष्मा अक्षर वाचत नाही, रेघ वाचतो. हातात मोजे, तोंडावर ढाल, समोर जाळ. तो त्या ओळीपर्यंत पोचणार नाही. त्याला त्याच्या बाजूचं चित्र दे."

तिने मान डोलावली. बटण दाबलं की आता एका पानावर दोन चित्रं उतरायची. वरचं घरातून, गिऱ्हाइकासाठी. खालचं रस्त्यावरून, कारागिरासाठी, आरशात दिसावं तसं फिरवलेलं. गिऱ्हाइकाला काही वेगळं करायला नको.

पहिलं पान छापून मी खाली चष्म्याला दिलं. त्याने ते सरळ धरलं, उलटं धरलं, उजेडासमोर धरलं.

"मामा, हे आकडे कुठल्या गावचे?"

चित्र फिरवताना मापंही फिरली होती. तीन उलटा, सात उलटा, सगळंच उलटं. बारकीने कपाळाला हात लावला. रेघा फिरवायच्या आणि आकडे जागेवर नेऊन पुन्हा सरळ लिहायचे, यात गुरुवार गेला.

उरला एकच प्रश्न. कोणतं चित्र आतलं आणि कोणतं बाहेरचं, हे न वाचता कळणार कसं? शुक्रवारी संध्याकाळी बहिणीच्या खाटेशेजारी बसून आम्ही दोघं डोकं खाजवत होतो. बारकी म्हणत होती एक निळं, एक पिवळं. मी म्हणत होतो, चष्म्याला सगळं काळंच दिसतं.

बहीण म्हणाली, "आतल्या चित्रात खुर्ची काढ. मी बसते तशी. खुर्ची दिसली म्हणजे घर."

"आणि बाहेर?"

"बाहेर तुझ्या मामाची सायकल. रोज तिथेच तर उभी असते. वाकड्या हँडलची काढ, म्हणजे ओळखू येईल."

बारकीने काढली. एवढीशी खुर्ची, एवढीशी सायकल, चित्राच्या तळाला. हँडल वाकडंच काढलं.

शनिवारी मालकांनी स्वतःच परीक्षा लावली. माळ्याच्या खिडकीला ग्रिल नव्हतं. त्यांनी आपल्या फोनवर त्या खिडकीचं ग्रिल बनवलं, झडप डावीकडे खाली ठेवली, बटण दाबलं, पान छापलं आणि जिन्यावरून खाली सोडलं. "कोणी कोणाशी बोलायचं नाही," म्हणाले. "मामा, तुम्ही तर अजिबात नाही."

मी बोललो नाही. अडतीस वर्षांत इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. खाली चष्म्याने पान जमिनीवर पसरलं, कोपऱ्यांवर बोल्ट ठेवले. वरच्या चित्रावर बोट ठेवलं, खुर्ची बघितली. खालच्या चित्रावर बोट नेलं, सायकल बघितली. मग वळून दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या सायकलीकडे बघितलं आणि खडू घेऊन कामाला लागला. बारकी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. ग्रिल जमिनीवर आकाराला येत होतं आणि वरून बघताना झडप उजवीकडे दिसत होती. तिला हे असंच हवं हे माहीत होतं, तरी ती बोटाने हवेत डावं-उजवं पुन्हा ताडून बघत होती. मीही मनात तेच करत होतो.

चार वाजता ग्रिल वर नेलं. चष्म्याने आणि मी मिळून ते घासलेली बाजू बाहेर करून चौकटीत धरलं. मालक आतून खुर्चीवर बसले, डावा हात पुढे केला, कडी काढली आणि झडप ढकलली. ती पूर्ण उघडली. त्यांनी हात बाहेर काढून हलवला, बसमधून हलवतात तसा.

"बाई," ते बारकीला म्हणाले. तोवर ते तिला बारकीच म्हणायचे. "सोमवारपासून कायम. आणि ती वही मामांना देऊन टाका, घरी हिशेब लिहायला."

"मला कसला हिशेब," मी म्हटलं.

शिवणवाल्या बाईंचं चुकलेलं ग्रिल मालक बारकीला देत होते, आईच्या खिडकीला लाव म्हणून. त्याची झडप बरोबर डावीकडे येणार होती. रुंदी पाच बोटं कमी पडत होती. चष्मा म्हणाला, जोड देतो, कळणारही नाही. बारकीने नको म्हणून मान हलवली. जोड कळतो. मला तर आधी कळतो. तिने महिनाभर थांबायचं ठरवलं.

तो महिना बहिणीने एकदाही विचारलं नाही, किती राहिले.

पूर्ण पगार झाला त्या दिवशी बारकीने दुकानाला ऑर्डर दिली, इतर गिऱ्हाइकं देतात तशीच. बहिणीने फोन घेतला, पुन्हा तीच खिडकी बनवली, सरळ सळया, एकही फूल नाही, झडप खाली डावीकडे. बटण दाबलं. खुर्ची आणि सायकल असलेलं पान दुकानात गेलं. चष्म्याने ते सगळ्यांच्या आधी घेतलं आणि झडपेच्या चारही कडा इतक्या घासल्या की बोट फिरवलं तर कुठेही अडत नव्हतं. मी तपासलं. दोनदा.

जुनं ग्रिल काढताना मी तिथे होतो. माझं काम मीच उतरवायला हवं होतं. जाळीत एक छोटा चमचा अडकलेला निघाला, तीस वर्षांपूर्वीचा. जाळी मारण्याआधीचा असावा, किंवा बारकीने त्यानंतरही एकदा प्रयत्न केला असावा. बहीण म्हणाली, ठेव तो.

नवं ग्रिल बसलं. दुसऱ्या दिवशी बाराला मी नेहमीसारखा सायकलवरून आलो. माझ्या खिशात माझी किल्ली होती. ती मी काढली नाही. खाली उभा राहून हाक मारली.

"कोण आहे?" वरून आवाज आला. तिला दिसत होतं कोण आहे ते.

"मी."

"मी कोण?"

"तुझा भाऊ. दार उघड."

"थांब. गडबड करू नकोस. उशीर झाला की बाहेर उभं राहावं लागतं."

कडी सरकल्याचा आवाज आला. झडप उघडली. तिचा डावा हात बाहेर आला, कोपरापर्यंत, आणि तसाच थोडा वेळ उन्हात राहिला. मग शाळेच्या किल्ल्यांची ती जुनी कापडी पिशवी, आत दाराची तिसरी किल्ली घालून दोरीला बांधलेली, खाली यायला लागली. हळूहळू, दर वितीला थांबत. दोरी ती दातांत धरत होती, मग हाताने सोडत होती, मग पुन्हा दातांत. मी मदत केली नाही. पिशवी माझ्या सायकलीच्या वाकड्या हँडलवर येऊन टेकली.

शाळेतली मैत्रीण त्याच आठवड्यात आली. आता दर बुधवारी येते.

बारकीचा दिवस अजूनही पावणेपाचलाच सुरू होतो. बोटं वीस वेळा, मनगट वीस वेळा. तिच्या पहिल्या पूर्ण पगारातून आलं ते एवढंच, सरळ सळयांचं एक ग्रिल, दोन बिजागऱ्या, डाव्या हाताला येणारी एक कडी, आणि एका मजल्याच्या उंचीची दोरी.